बालगृह वेगळं, दत्तक संस्था वेगळी आणि "अनाथाश्रम" हा शब्द आता पुरे

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत एकदा तेच, "मूल दत्तक घ्यायचंय, कुठल्या अनाथाश्रमात कोणाची ओळख आहे का?" आणि खाली लगेच पाचसहा बालगृहांचे नंबर, त्यातलं एकही दत्तक देणारं नाही. दर वेळी तेच तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून आता एकदाच नीट लिहून ठेवते.

बालगृह तुम्हाला माहितीच आहे, वाढदिवसाला केक घेऊन जाता ते. 6 ते 18 वर्षांची मुलं, शाळा, संध्याकाळची प्रार्थना, बस. दत्तक संस्थेत 6 वर्षांपर्यंतची बाळं असतात, पुण्यात ससूनच्या आवारातलं श्रीवत्स तसलं. रिमांड होम हे तिसरंच, म्हणजे निरीक्षणगृह, गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी, पण पाटीवर कधीकधी दोन्ही नावं एकत्र असतात म्हणून लोक घोळ घालतात. असो.

खरी मेख पुढे आहे. बालगृहातल्या मुलाला कोणी नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं? बऱ्याच मुलांची आई असते, चार घरची धुणीभांडी करते, नवरा गेलाय नाहीतर दारूत बुडालाय, पोराला ठेवायचं कुठे म्हणून बाल कल्याण समितीच्या ऑर्डरने मूल तिथे आलेलं असतं. सुट्टीत घरी जातं. आमच्या ओळखीतले एक काका ऐन दिवाळीत फराळाचे डबे घेऊन गेले तर निम्मी मुलं गावाला, आणि काका नाराज, म्हणे "मग हे अनाथ कसले?" अहो, तेच तर सांगतेय!

दत्तक जायला मूल कायद्याने "मुक्त" व्हावं लागतं, आणि ते ठरवते समिती, संस्थेचे अध्यक्ष नाहीत, तुमच्या ओळखीचे नगरसेवक तर नाहीच नाही. बाळ कुठे टाकलेलं सापडलं तर आधी आईबापांचा शोध घेतात, मूल 2 वर्षांपर्यंतचं असेल तर 2 महिन्यांत आणि मोठं असेल तर 4 महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. आईने स्वतः समितीसमोर येऊन सोपवलं असेल तर तिला फेरविचाराला 60 दिवस, या दिवसांत ती बाळ परत नेऊ शकते, आणि न्यावंसं वाटलं तर नेऊ द्यावं, यात तिला नावं ठेवणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. हे सगळं झालं की मग मूल कारा या केंद्रीय यंत्रणेच्या पोर्टलवर येतं. बालगृहातलं मोठं मूलसुद्धा मुक्त झालं तर दत्तक जाऊ शकतं, पण तेही दत्तक संस्थेमार्फतच. तुम्ही पोर्टलवर नाव नोंदवायचं, थांबायचं, नंबर आला की मुलाची माहिती येते आणि 48 तासांत हो की नाही ते कळवायचं. बालगृहात जाऊन रांगेतून "ही गोरी वाटते" म्हणून निवडायची सोय नाही, नसायलाच हवी.

2021 ला दुसऱ्या लाटेत "आईवडील कोविडने गेले, दोन मुली दत्तक द्यायच्यात, या नंबरवर फोन करा" असले मेसेज फिरत होते आणि चांगली शिकलेली माणसं ते पुढे ढकलत होती. असं परस्पर मूल देणं-घेणं हा गुन्हा आहे, पुण्य नाही. असं मूल दिसलं तर 1098 ला फोन करायचा.

बरं, "अनाथ" हा शब्द संस्थांनी स्वतःच कधीचा टाकलाय, 1909 चं अनाथ विद्यार्थी गृह आज पुणे विद्यार्थी गृह आहे. आपणच तो सोडत नाही. महाराष्ट्रात अनाथांना 2018 पासून 1 टक्का आरक्षण आहे आणि त्यासाठी रीतसर प्रमाणपत्र लागतं, म्हणजे सरकारसुद्धा हा शब्द मोजूनमापून वापरतं.

ज्यांना दत्तक घ्यायचं नाहीये, नुसती मदत करायचीय, त्यांनी त्या धुणीभांडीवाल्या आईला बालसंगोपन योजनेचा फॉर्म भरून द्या. महिन्याला 2250 रुपये मिळतात, मूल घरीच राहतं. केकपेक्षा हे मला शंभर पटीने आवडेल. आणि केक नेलाच तर मुलांचे चेहरे स्टेटसला टाकू नका, बाल न्याय कायद्याचं कलम 74 वाचा, मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे, पोराची आईसुद्धा बघते हो स्टेटस.