हबलच्या चित्रांतला हिरवा हायड्रोजन

शास्त्रज्ञाच्या हाती कॅमेरा आला की रंगावरून वाद होणारच. 1965 च्या जुलैत मरिनर 4 यानाकडून मंगळाच्या चित्राचे आकडे येऊ लागले, तेव्हा संगणक चित्र जुळवेपर्यंत अभियंत्यांना दम निघेना. आकड्यांच्या कागदी पट्ट्या शेजारीशेजारी लावून त्यांनी पेस्टल खडूंनी त्या रंगवून काढल्या. 1976 साली व्हायकिंग 1 च्या पहिल्या रंगीत चित्रात मंगळाचं आकाश निळसर निघालं. रंग पुन्हा जुळवल्यावर ते गुलाबीसर ठरलं.

आजचा वाद मात्र 1 एप्रिल 1995 ला हबल या अवकाश दुर्बिणीने टिपलेल्या, गरुड तेजोमेघातल्या वायू-धुळीच्या खांबांपासूनचा. कॅमेरा कृष्णधवल. प्रत्येक फिल्टरमधून करडं चित्र यायचं, तेही वैश्विक किरणांच्या पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं. ठिपके पुसल्यावर प्रश्न उरला रंगांचा. हायड्रोजनचा प्रकाश 656 नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा, गंधकाचा 672 च्या आसपास, दोन्ही लालच. तसेच ठेवले तर कुठला वायू कुठे, ते कळत नाही. म्हणून सगळ्यात लांब लहरीच्या गंधकाला लाल, मधल्या हायड्रोजनला हिरवा आणि 501 च्या ऑक्सिजनला निळा रंग दिला. लहरींचा क्रम शाबूत राहिला, पण हायड्रोजन लालाचा हिरवा झाला.

याला 'फॉल्स कलर' म्हणतात आणि मराठीत त्याचं सरसकट 'खोटे रंग' होतं. मला ते पटत नाही. डोंगर तपकिरी छापले म्हणून नकाशा खोटा ठरत नाही. 'नेमलेले रंग' म्हणावं. अर्थात, सगळं शास्त्रासाठीच होतं असंही नाही. अवकाशात वर-खाली नसताना खांब उभेच का दाखवायचे? उलट, हबलच्या त्या कॅमेऱ्याच्या चार भागांपैकी एकाचं क्षेत्र लहान असल्याने कोपऱ्यात पडलेली पायऱ्यांची काळी खाच कुणी झाकली नाही, हेही खरं.

1998 पासून खगोलशास्त्रज्ञांच्याच एका गटाने दरमहा हबलचं एक चित्र द्यायला सुरुवात केली. 2016 ला गुरूपाशी पोचलेल्या जूनो यानाची कच्ची चित्रं कुणालाही घडवायला खुली झाली. 2022 पासून वेब या अवकाश दुर्बिणीची चित्रं येतात ती मुख्यतः अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाची. तिथे खऱ्या रंगाचा प्रश्नच उरत नाही.

आपल्याकडचे हौशी छायाचित्रकारही आता हेच तीन फिल्टर लावतात. फक्त हायड्रोजन भरपूर असल्याने चित्र हिरवंगार होतं, ते डोळ्यांना बरं दिसत नाही. मग हिरवा उतरवून सोनेरी करतात, आणि ज्यासाठी हायड्रोजनला वेगळा रंग दिला होता, तो फरकच पुसट होतो.