दोन पेशी जोडल्या, आणि मग क्रोमोसोम गळायला लागले

माणसाची पेशी आणि उंदराची पेशी जोडून एकच पेशी केली असं कुणी सांगितलं तर फेकतोय असंच वाटेल ना, पण हे 1965 मध्येच झालंय. ऑक्सफर्डला हेन्री हॅरिस आणि जॉन वॉटकिन्स यांनी ते केलं, आणि गोंद म्हणून वापरला चक्क एक व्हायरस, सेंडाई नावाचा. या व्हायरसला पेशीत घुसायचं असतं म्हणून तो स्वतःचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळवतो, आणि दोन पेशींच्या मध्ये सापडला की त्या दोघींनाच चिकटवून टाकतो. अल्ट्राव्हायोलेट किरणांनी त्याला आधी निकामी केलेलं, त्यामुळे इन्फेक्शनची भानगड नाही. आता तर बऱ्याच लॅबमध्ये व्हायरसही लागत नाही, पीईजी नावाचं केमिकल किंवा विजेचा छोटासा झटका पुरतो.

जोडल्यावर आधी एकाच पेशीत दोन केंद्रकं दिसतात. पुढे विभाजन होताना दोन्हीकडचे क्रोमोसोम, म्हणजे जीन्स ज्यांच्यावर असतात ती गुणसूत्रं, एका केंद्रकात आले की झाली खरी हायब्रिड पेशी.

आणि इथंच गंमत सुरू होते. उंदीर-माणूस हायब्रिड वाढवत राहिलं की पिढ्यानपिढ्या माणसाचे क्रोमोसोम एकेक करून गळत जातात, उंदराचे बहुतेक टिकतात. 1967 मध्ये मेरी वाइस आणि हॉवर्ड ग्रीन यांनी हे नीट दाखवलं. त्यांनी उंदराची अशी पेशी घेतलेली की जिच्यात थायमिडीन कायनेज हे एन्झाइमच नव्हतं, आणि हायब्रिड वाढवले हॅट मीडियम नावाच्या पेशी वाढवायच्या द्रवात. या मीडियममधलं एक औषध डीएनए बनवायचा नेहमीचा रस्ता बंद करतं, मग आडवाटेनं जायचं तर हेच एन्झाइम पाहिजे, नाहीतर पेशी मेली. म्हणजे जी हायब्रिड जगली तिच्यात माणसाचा तो जीन असणारच, आणि उरलेले क्रोमोसोम तपासत गेलं की जीन कुठल्यावर बसलाय ते कळतं! तो निघाला 17 नंबरवर. जीन सिक्वेन्सिंग हाताशी नसताना माणसाच्या जीन्सचा पत्ता शोधायची ही पद्धत मला तरी अजून भारी वाटते, कारण जे हरवतंय त्यावरूनच जे आहे ते कळत होतं.

कॅन्सरमध्येही तसंच. हॅरिस आणि सहकाऱ्यांनी 1969 मध्ये उंदराच्या घातक कॅन्सर पेशी कमी घातक पेशींशी जोडल्या तर हायब्रिडचा घातकपणा दबला, पण काही क्रोमोसोम गळाले की परत उसळला. म्हणजे कॅन्सरला अडवणारंही काहीतरी क्रोमोसोमवर असतं. ट्यूमर सप्रेसर जीन्सची कल्पना पुढे आली त्यात या प्रयोगांचा मोठा वाटा.

सगळ्यात प्रसिद्ध हायब्रिड मात्र 1975 चं, केंब्रिजमधलं. जॉर्जेस कोहलर आणि सेझार मिलस्टीन यांनी अँटिबॉडी बनवणारी बी पेशी आणि न थांबता वाढणारी मायलोमा ही कॅन्सरची पेशी जोडली, ही हायब्रिडोमा. एकाच प्रकारची अँटिबॉडी, हवी तेवढी. 1984 ला नोबेल मिळालं. प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीपासून कॅन्सरच्या काही औषधांपर्यंत हीच मोनोक्लोनल अँटिबॉडी.

पण गळती इथंही सुटत नाही. अँटिबॉडीचा जीन असलेला क्रोमोसोमच निसटला तर पेशी मस्त वाढत राहते आणि अँटिबॉडी शून्य, वर अशा रिकाम्या पेशी जास्त वेगानं वाढून कामाच्या पेशींना मागे टाकू शकतात. म्हणून लॅबवाले मधूनमधून एकेक पेशी वेगळी काढून पुन्हा क्लोन करतात आणि चांगल्या निघाल्या की लगेच लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात.