इंजिनचं फाउंडेशन गेलंय का?

सिग्नलला उभे आहात, एसी चालू आहे आणि आतला आरसा इतका थरथरतोय की मागच्या रिक्षाचा नंबर वाचता येत नाही. एसी बंद केला की आरसा बराचसा शांत होतो. आमच्या गाडीला हे सुरू झालं तेव्हा पहिला सल्ला मिळाला इंजेक्टर साफ करून घेण्याचा. पैसे गेले, थरथर राहिली. दोष इंजिनात नव्हताच, इंजिन ज्यावर बसतं त्या रबरात होता. त्याला इंजिन माउंट म्हणतात, गॅरेजमध्ये मात्र सगळ्यांच्या तोंडी 'फाउंडेशन'.

घराच्या पायाने हलायचं नसतं. या फाउंडेशनचं कामच हलायचं, पण मापात. तीन सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर नुसतं चालू असतं, तेव्हा सेकंदाला २० स्फोट होतात. चार सिलिंडरमध्ये सुमारे २७. हे धक्के केबिनपर्यंत पोचू नयेत म्हणून रबर मऊ हवं. उलट पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना इंजिनाचा १०० न्यूटन-मीटरचा पीळ (टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर) गिअरमुळे वाढून चाकांशी १,३०० च्या आसपास जातो, आणि तेवढाच उलटा पीळ इंजिन-गिअरबॉक्सला मागे लोटतो. तो पेलायला रबर कडक हवं. मऊही आणि कडकही, ही ओढाताण सोडवायला काही माउंटमध्ये द्रव भरलेला असतो. मोठ्या हेलकाव्यात तो अरुंद वाटेतून ढकलला जातो आणि हेलकावा तिथेच जिरतो.

उष्णता, गळणारं ऑइल आणि वय यांनी रबर कडक होतं, भेगाळतं, धातूपासून सुटतं. कडक झालेलं रबर थरथर अडवत नाही; फाटलेलं रबर पीळ अडवत नाही आणि 'धप्' असा आवाज येतो. एकाच भागाची ही दोन वेगळी दुखणी आहेत.

म्हणून थरथर किती आहे यापेक्षा ती कधी येते हे आधी बघावं. ती ८० च्या वेगाला येते आणि गाडी न्यूट्रलला टाकून उभ्या जागी रेस दिली तर येत नाही, तर चाकांचं बॅलन्सिंग बघा. इंजिनाचा ताल मध्येच चुकतोय, चेक इंजिनचा दिवा लागलाय, तर स्पार्क प्लग-कॉइलकडे वळा. इंजिन एका लयीत चालतंय पण स्टिअरिंग आणि सीट हलतात, क्लच सोडताना किंवा रिव्हर्स टाकताना धप् होतं, तेव्हा संशय फाउंडेशनवर.

खात्री करायला बोनट उघडा. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, जाणता माणूस ब्रेकवर पाय दाबून आत. गाडीच्या पुढे-मागे कुणी नको, तुम्हीही बाजूला. त्याने क्लच नुसता पकडेपर्यंत सोडायचा, एकदा पहिल्यात, एकदा रिव्हर्समध्ये. ऑटोमॅटिक असेल तर डी आणि आर. इंजिन थोडं डोलणारच. ते उसळी मारून आदळत असेल तर माउंट गेलाय. द्रवाच्या माउंटखाली धूळ चिकटलेली ओल दिसली तरी तेच समजा.

याला नुसती कटकट समजून गाडी दामटू नये. अमेरिकेत १९७१ मध्ये शेवरोलेने सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलावल्या, कारण माउंट तुटला की इंजिन उचललं जायचं आणि थ्रॉटलची, म्हणजे ॲक्सिलरेटरची जोडणी ओढली जाऊन गाडी आपोआप वेग घ्यायची. एक माउंट गेला की त्याचा भार बाकीच्यांवर पडतो, त्यामुळे एक बदलताना उरलेले तपासून घ्यावेत. इंजिनाखाली जॅक लावायचं काम मात्र मेकॅनिकचं.

आमच्या गाडीचा जुना माउंट मी मागून घेतला. वरून धडधाकट दिसत होता. अंगठ्याने मधली धातूची नळी बाजूला दाबली तशी रबरातली भेग उघडली आणि तिच्यातून पलीकडची फरशी दिसली.