सूर्यशिळा ही माया दिनदर्शिका नव्हे
मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात १७९० साली सापडलेली, सुमारे साडेतीन मीटर व्यासाची सूर्यशिळा म्हणजे माया लोकांची दिनदर्शिका, हा समज २०१२ च्या जगबुडीच्या अफवेने अधिकच पसरला. प्रत्यक्षात ती मेशिका, म्हणजे ॲझ्टेक लोकांनी घडवली. तिच्यावर वीस दिवसचिन्हांचे वलय आहे हे खरे, पण तेवढ्यावरून तिला दिनदर्शिका म्हणणे मला या शिल्पावर अन्याय वाटतो. मधला चेहरा निरखून पाहावा: बाहेर आलेली जीभ म्हणजे चकमकीच्या दगडाची सुरी आहे आणि दोन्ही बाजूंच्या नखाळ पंजांत माणसाची हृदये आहेत. भोवतीच्या चार चौकटींत नष्ट झालेली चार युगे कोरली आहेत. पाचव्या सूर्याला, म्हणजे त्यांच्या मते सध्या चालू असलेल्या युगाच्या सूर्याला, रक्त अर्पण करण्याच्या विधीसाठी ही शिळा आडवी ठेवलेली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.