मॉनिटरिंगच्या खात्याला डोमेन अ‍ॅडमिन करायलाच हवं का?

‘डोमेन अ‍ॅडमिन खात्याशिवाय विंडोज सर्व्हरचं मॉनिटरिंग चालतच नाही’ हा जुना समज चुकीचा आहे. (डोमेन अ‍ॅडमिन म्हणजे नेटवर्कमधल्या सगळ्या मशीनवर पूर्ण हक्क असलेलं खातं.) सीपीयू, मेमरी, डिस्कचे आकडे वाचायला ‘परफॉर्मन्स मॉनिटर युजर्स’ आणि ‘डिस्ट्रिब्युटेड कॉम युजर्स’ हे गट, शिवाय डब्ल्यूएमआय (विंडोजकडून मशीनची माहिती मागवण्याची सोय) नेमस्पेसवर ‘रिमोट इनेबल’ ही परवानगी, एवढं सहसा पुरतं. लॉगसाठी ‘इव्हेंट लॉग रीडर्स’.

घोडं अडतं ते सर्व्हिसेसच्या, म्हणजे पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रॅम्सच्या, यादीपाशी. बाकी सगळं दिसतं, इथे मात्र ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’. मग वैतागून खातं थेट अ‍ॅडमिन गटात ढकललं जातं. खरं कारण असं, की विंडोज सर्व्हर २००३ च्या सर्व्हिस पॅक १ पासून सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर (सर्व्हिसेस सांभाळणारा विंडोजचा भाग) बिगर-अ‍ॅडमिन खात्यांना दुरून आत घेत नाही. तिथे ‘एससी एसडीसेट’ या कमांडने फक्त वाचनाची परवानगी द्या. त्याआधी ‘एससी एसडीशो’ने दिसणारी परवानग्यांची जुनी ओळ जपून ठेवा, कारण नवी ओळ तिच्यात भर घालत नाही, तिला पुसूनच टाकते.