ऑपरेशननंतरचा सीटी: आतड्याच्या कॅन्सरवर नजर ठेवण्याची पार्श्वभूमी

इंदूरच्या मराठी घरांत कोणाचं मोठ्या आतड्याचं कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं की बरेच जण अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई गाठतात, परळच्या टाटा रुग्णालयासाठी. पुढचा फॉलो-अप मात्र पुष्कळदा इथेच होतो. दर काही महिन्यांनी सीईए नावाची रक्ततपासणी, ठरलेल्या अंतराने सीटी. घरच्यांचा प्रश्न रास्त असतो: गाठ तर निघाली, मग पुन्हा पुन्हा स्कॅन कशाला? आणि काढायचाच तर थेट पेट (PET) स्कॅन का नाही?

कॅन्सर परतला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो, आणि सुरुवातीला त्रास काहीच होत नाही. स्कॅन नव्हते तेव्हा आत बघण्याचा मार्ग एकच होता, पुन्हा पोट उघडणे. 1940 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटाचे सर्जन ओवेन वँगेनस्टीन यांनी हे पद्धतशीर सुरू केलं. ज्यांच्या लसिका ग्रंथींत आजार सापडला होता, त्यांना काहीही तक्रार नसताना काही महिन्यांनी परत टेबलावर घ्यायचं आणि उरलेलं दिसलं तर काढायचं. काहींना फायदा झाला, काही त्या दुसऱ्या ऑपरेशननेच दगावले. आज सीटीच्या अपॉइंटमेंटला कंटाळणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

1965 मध्ये माँट्रियलला फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी सीईए हे प्रथिन शोधलं. रक्तात ते वाढलं की संशय येतो, पण आजार कुठे आहे ते कळत नाही. जागा दाखवायला सीटी आला. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर 1971 मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला, तो मेंदूचा. पोटाचा स्कॅन त्या यंत्राच्या आवाक्यात नव्हता, कारण एकेका आडव्या कापाच्या चित्राला काही मिनिटं लागत आणि तेवढ्यात श्वासाबरोबर यकृत वरखाली होई. 1989 च्या सुमारास सलग फिरत चित्रं घेणारा स्पायरल सीटी आला आणि एका रोखलेल्या श्वासात अख्खं यकृत टिपता येऊ लागलं. आतड्याचा कॅन्सर सर्वांत जास्त यकृतातच पसरतो, म्हणून माझ्या मते फॉलो-अपचं खरं वळण हेच.

तरी एक अडचण उरली. गुदाशयाच्या ऑपरेशननंतर माकडहाडापुढे व्रणाची जाड ऊती तयार होते. सीटीत ती आणि परतलेली गाठ जवळजवळ सारखीच दिसतात. तिथे रेडिओलॉजिस्ट आधी जुना स्कॅन मागतो. व्रण काळानुसार आकसतो किंवा तेवढाच राहतो, गाठ वाढते. म्हणून ऑपरेशननंतरच्या पहिल्या स्कॅनची सीडी मुंबईच्या फाइलमध्ये राहून गेली, तर इंदूरचा नवा रिपोर्ट अर्धवटच राहतो. रिपोर्टचा कागद पुरत नाही, चित्रंच लागतात.

पेट स्कॅन या कोड्यात मदत करतो. त्यात किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात, रुग्णाला तासभर शांत झोपवतात आणि साखर कुठे जास्त ओढली गेली ते बघतात. हा फ्लोरिन 110 मिनिटांत निम्मा होतो, त्यामुळे तो बनवणाऱ्या सायक्लोट्रॉन यंत्रातून निघालेला डोस वेळेत पोचावा लागतो. भारतात ही सोय 2002 मध्ये परळला सुरू झाली. पण टीबीची गाठ आणि साधी सूजही साखर ओढते. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने आतडं उजळतं. उलट, म्युसिन नावाचा चिकट स्राव तयार करणारा कॅन्सर कधीकधी उजळतच नाही. म्हणून सीईए वाढलंय आणि सीटीत काही सापडत नाही, अशा वेळी पेट कामाचा. नेमाने दरवेळी तोच काढण्यात अर्थ नाही.

जास्त स्कॅन म्हणजे जास्त आयुष्य, असं मात्र सिद्ध झालेलं नाही. इंग्लंडमधल्या 1202 रुग्णांच्या अभ्यासात (2014) सीटीने पाठपुरावा केलेल्या गटात 8 टक्क्यांवर बरं करण्याच्या हेतूने पुन्हा ऑपरेशन होऊ शकलं, फक्त लक्षणं दिसल्यावर तपासणाऱ्या गटात 2.3 टक्क्यांवर. मृत्यूंमध्ये मात्र ठळक फरक दिसला नाही. 2018 च्या कोलोफोल अभ्यासात 2509 रुग्णांपैकी काहींचे तीन वर्षांत पाच वेळा सीटी आणि सीईए झाले, इतरांचे दोनच वेळा. पाच वर्षांतले मृत्यू 13 आणि 14.1 टक्के, म्हणजे फरक नगण्य.

स्कॅनचा उपयोग सापडलेल्या गोष्टीवर काही करता येतं का यावर ठरतो. यकृतात पसरलेल्या कॅन्सरची एक-दोन बेटं काढता येतात, आणि निवडक रुग्णांत त्यानंतर सुमारे 40 टक्के जण पाच वर्षं जगतात. जठर, स्वादुपिंड किंवा पित्ताशयाचा कॅन्सर परतला तर अशी संधी क्वचितच मिळते. म्हणूनच एकाच डॉक्टरांकडे जाणाऱ्या दोन रुग्णांपैकी आतड्याच्या रुग्णाला सीटीच्या तारखा आधीच लिहून मिळतात, आणि पित्ताशयाच्या रुग्णाला कधीकधी एवढंच सांगतात की वजन घटलं, कावीळ दिसली किंवा दुखू लागलं तर लगेच या.