‘बेसिक’ वेगळं, ‘नॉल्स’ वेगळं

‘मुलाचं उत्तरकाशीचं बेसिक झालंय, ए ग्रेड मिळालीय. आता अमेरिकेत शिकायला गेलाच आहे, तर उन्हाळ्यात नॉल्स करू दे का? की तेच ते पुन्हा होईल?’ गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय, की एकदाचं नीट लिहूनच टाकतो. तेच ते होणार नाही. बेसिक हा गिर्यारोहणाचा पहिला कोर्स; नॉल्स ही रानावनात नेतृत्व शिकवणारी अमेरिकेतली शाळा, तिथली ‘बेसिक’ नव्हे.

बेसिक काय असतं हे ट्रेकर मंडळींना सांगायला नको. उत्तरकाशीची निम (नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग) किंवा दार्जिलिंगची एचएमआय (हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट), साधारण 28 दिवस, पहाटेचा पीटी, तेखलाचे सरावाचे कातळ, पाठ मोडणारी सॅक, ग्लेशियरवर क्रॅम्पॉन (बुटाला लावायचे काटे) आणि आइस ॲक्सचा (बर्फातल्या कुऱ्हाडीचा) सराव, शेवटी हाइट गेन, म्हणजे उंचावरची चढाई. जे शिकवतात ते उत्तम शिकवतात, आणि सरकारी संस्था असल्यामुळे शुल्कही झेपतं. यावर जास्त शब्द घालवत नाही.

नॉल्स म्हणजे नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल. स्थापना 1965, अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातलं लँडर हे गाव. आपली निमही 1965 चीच. नॉल्स काढणारे पॉल पेट्झोल्ट 1938 च्या अमेरिकन के-टू मोहिमेत होते. पुढे कोलोरॅडोतल्या आउटवर्ड बाउंड शाळेत काम करताना त्यांना दिसलं, की पोरांना डोंगरात घेऊन जाऊ शकतील अशी तयार माणसंच कमी आहेत. ती माणसं घडवण्यासाठी त्यांनी वेगळी शाळा काढली. म्हणून नावात ‘लीडरशिप’ आहे आणि ‘माउंटेनियरिंग’ नाही. तिथे डोंगर चढतात, कयाक वल्हवतात, वाळवंटातल्या घळी पार करतात. माध्यम बदलतं, विषय एकच राहतो: नेतृत्व.

घोटाळा होतो तो इथे. हे सांगितलं की बेसिक केलेला माणूस म्हणतो, ‘अहो, आमच्याकडेही रोप लीडर होताच की!’ रोप म्हणजे विद्यार्थ्यांचा छोटा गट, रोप लीडर त्याचा म्होरक्या. होता, मान्य. पण त्याने काय केलं ते आठवा. डोकी मोजली, स्टोअरमधून कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या) घेऊन मोजून परत केले, उस्तादांचा, म्हणजे प्रशिक्षकांचा, निरोप रोपला पोचवला. वाट कुठली, थांबायचं कुठे, ढग भरून आले तर परतायचं का, हे सगळं उस्तादांनी ठरवलं. तसंच असायला हवं, कारण नवशिक्याला बर्फावर स्वतःच्या मनाने सोडणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. त्यामुळे रोप लीडर हा वर्गातला मॉनिटर ठरतो.

नॉल्समध्ये रोज एक विद्यार्थी ‘लीडर ऑफ द डे’ असतो आणि दिवस खरोखर त्याच्या हातात असतो. आदल्या रात्री नकाशा पसरून वाट तो ठरवतो, निघायची वेळ तो ठरवतो. कुणाचा गुडघा दुखतोय म्हणून वजन कसं वाटायचं, हेही तोच बघतो. प्रशिक्षक मागून चालतात. वाट चुकली आणि जिवाला धोका नसेल, तर चुकू देतात. संध्याकाळी सगळे गोल बसून दिवस उलगडतात: कुठे चुकलं, कुणाला आधीच शंका आली होती, आणि तो का बोलला नाही? बऱ्याच लांब कोर्सच्या शेवटी तर विद्यार्थ्यांचे छोटे गट काही दिवस प्रशिक्षकांशिवाय चालतात. स्वयंपाकाचंही तसंच. बेसिकला ताट घेऊन लंगरच्या रांगेत उभं राहायचं. इथे तिघाचौघांचा तंबूगट कोरडा शिधा पाठीवर वाहतो, स्टोव्हवर स्वतः रांधतो, आणि डाळ करपली तर करपलेली खातो.

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो: तो का बोलला नाही? नॉल्सच्या मांडणीत नेतृत्वाच्या चार भूमिका आहेत. नेमलेला नेता ही त्यातली फक्त एक. उरलेल्या तीन म्हणजे जाणतेपणाने साथ देणारा अनुयायी, कुणी न सांगता काम उचलणारा सोबती आणि स्वतःला सांभाळणारा माणूस. मागे चालणाऱ्याचीही जबाबदारी असते, ही गोष्ट आपल्या ट्रेकिंगमध्ये मला फार क्वचित शिकवलेली दिसते.

2001 साली कोलंबिया यानाच्या एसटीएस-107 मोहिमेचे अंतराळवीर नॉल्सबरोबर वायोमिंगच्या विंड रिव्हर पर्वतरांगेत गेले होते. त्यांत आपली कल्पना चावला होती. या माणसांना गिर्यारोहक व्हायचं नव्हतं. दमलेल्या, चिडलेल्या सहकाऱ्यांबरोबर निर्णय कसा घ्यायचा आणि दुसऱ्याने घेतलेला कसा पाळायचा, यासाठी नासाने त्यांना तिकडे धाडलं होतं. नॉल्स कशासाठी आहे हे सांगायला याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

ही पद्धत मी आमच्या गटात रतनगड ते हरिश्चंद्रगड करताना वापरली. कात्राबाईच्या रानात त्या दिवशीच्या नेत्याने, कॉलेजातल्या एका मुलीने, गुरांची पायवाट खरी वाट समजून धरली. मला कळत होतं, बोललो नाही. पाऊण तास फुकट गेला. शेवटी तिनेच थांबून नकाशा काढला, तेव्हा मागून एक मुलगा म्हणाला, ‘मला मघाशीच वाटलं होतं.’ त्या रात्री कुमशेतला अर्धी चर्चा त्या एका वाक्यावर झाली.

पर्यावरणाचा भाग थोडक्यात. ‘लीव्ह नो ट्रेस’ची, म्हणजे निसर्गात मागे खूण न ठेवण्याची, सात तत्त्वं घडवण्यात अमेरिकी वनखात्याबरोबर नॉल्सचाही वाटा आहे. शौचाचा खड्डा सहा ते आठ इंच खोल आणि पाण्यापासून 200 फूट लांब, हे तिथे बिले (चढणाऱ्याला दोराने सांभाळणं) इतक्याच गांभीर्याने शिकवतात. निमला कचरा खाली आणायला लावतात, पण तो शिस्तीचा भाग म्हणून.

एका गोष्टीचा मात्र मनापासून राग येतो. झिपलाइन, बर्मा ब्रिज, रात्री शेकोटी आणि तिसऱ्या दिवशी ‘लीडरशिप’चं प्रमाणपत्र, अशी शिबिरं ‘नॉल्सच्या धर्तीवर’ म्हणून पालकांना विकतात. मुलांना मजा येते, जरूर पाठवा. पण तीन दिवसांत एकाही मुलाने एकही निर्णय घेतलेला नसेल, तर नेतृत्वाचं नाव घेऊ नये.

आता मूळ प्रश्न. हिमशिखरं चढायची असतील तर बेसिकच करा. निमच्या किंवा एचएमआयच्या ॲडव्हान्स या पुढच्या कोर्सला बेसिकची ए ग्रेडच लागते, नॉल्सचा कागद तिथे चालत नाही. आणि दोन्ही शक्य असतील तर आधी बेसिक. गाठी, चाल, थंडी अंगवळणी पडलेली असली की नॉल्समध्ये सगळं लक्ष माणसांकडे देता येतं. नॉल्सचं शुल्क काही हजार डॉलर आहे. तेवढे पैसे नसतील तर अडू नका. पुढच्या सलग काही दिवसांच्या रेंज ट्रेकला नकाशा रोज वेगळ्याच्या हातात द्या, आणि सगळ्यात अनुभवी माणसाला सगळ्यात मागे चालवा.